कापड कमी पडलं तिथे

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये
मी कागद उजेडाला धरला.
नंबर तिरका, शाई फिकी, कड केसभर सरकलेली,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मग.
खोटं म्हणजे काय
हे मला कुणी शिकवायला नको.

आणि तरी, शुक्रवारी, गंगापूर रोडच्या हॉलमध्ये
माझ्या गोधडीपुढे थांबून
एका कॉलेजच्या मुलीने विचारलं,
‘काकू, हे सुचलं कसं तुम्हाला?’
तर मी म्हणाले, ‘सुचलं. असंच.’

असंच.
पर्समध्ये पहिल्या नंबराचं पाकीट,
सहा पाचशेच्या नोटा.

सुचलं नव्हतं. दिसलं होतं.
म्हसरूळच्या पुढे, बोरगडाच्या अंगाला,
एका पत्र्याच्या घराबाहेर दोरीवर:
चौकात चौक, त्या चौकात चौक,
विहिरीत उतरतात तशा पायऱ्या,
जांभळी, मग काळी, मग पाण्याच्या रंगाची,
आणि उजव्या अंगाला तिसऱ्या पायरीवर
मधेच एक लाल तुकडा,
तिथे पाय ठेवून कुणी थबकल्यासारखा.
मी मोबाईल काढला.
स्कूटी बंदसुद्धा केली नाही.

घरी फोटो मोठा करकरून टाके मोजले.
मेनरोडवरून नवं कापड आणलं, मीटरवर.
त्या लालसाठी चार दुकानं हिंडले,
तसाच लाल मिळेना.

रविवारी गोधडी घेऊन गेले.
नाव ठाऊक नव्हतं, ‘दोरीवरची गोधडी’ एवढंच विचारत.
सोजर पगारे. लसूण सोलत बसली होती.
हात पदराला पुसून तिने गोधडी मांडीवर घेतली
आणि बघितलीच नाही. अंगठा फिरवत गेली.
‘टाका बरा हाये. बारीक.’
मग अंगठा लाल तुकड्यावर आला
आणि तिला हसू आवरेना.
‘अगं बाई, हितं माझं कापड सरलं व्हतं!
सुनेच्या झंपराची बाही लावली मी.
तुला काय कमी पडलं व्हतं?’

मी बक्षिसाचं सांगितलं.
हसणं थांबलं. लसणाच्या दोन पाकळ्या सोलून झाल्या.
‘मंग माझं नाव कुठं हाये?’

नोटेवर सही असते.
ती आम्हा छापणाऱ्यांची नसते.
एकतीस वर्षं ते मला खुपलं नाही असं नाही.
पण तिथे, तिच्या ओट्यावर,
ते बोलायची सोय नव्हती.

‘नाव टाकते,’ म्हटलं. ‘मंगळवारपर्यंत लागलेली असणार ती हॉलमध्ये.’
‘टाक. सोजर. सोजरा नव्हं, सोजराबाई तर नव्हंच.
आन् सगळी इहीर माझी म्हणू नको.
चौकात चौक अनसाआत्यानं दाखवला, मखमलाबादच्या.
तिला जाऊन नऊ वर्सं झाली. तिचं बी लिही.
पायऱ्या माझ्या.’
‘आणि लाल?’
ती जरा विचारात पडली.
‘लाल सुनेला विचारून सांगते.’

रात्री पांढऱ्या पट्टीवर काळ्या दोऱ्याने लिहिलं:
चौक: अनसा, मखमलाबाद.
पायऱ्या: सोजर पगारे, म्हसरूळ.
शिवण: पुष्पलता कुलथे.
माझं नाव आलं तेव्हा पट्टी संपत आली होती,
‘कुलथे’ खाली वळवावं लागलं.
लालपुढची जागा अजून रिकामी आहे.

पैशांचं राहिलं.
मी सगळं पाकीट पुढे केलं होतं,
ती म्हणाली, ‘अर्धे. शिवण तुझी हाये.’
तीन नोटा मी मोजून दिल्या,
देता देता एकेक उजेडाला धरली, सवयीनं.
‘का गं, खोटी हाये का?’
‘नाही,’ म्हटलं. ‘नोट खरी आहे.’